बसतोय तिथं!

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरात माझ्या शब्दाला उगाचच मान. रेशनकार्डापासून विजेच्या बिलापर्यंत सगळे कागद माझ्यापुढे येतात आणि आबा शेजारी उकिडवे बसून म्हणतात, "तूच वाच बाबा, आमाला काय कळतंय!" शिष्यवृत्तीच्या अर्जात 'वडिलांचे शिक्षण' या रकान्यात मी 'अशिक्षित' असे लिहितो आणि कोणी पाहू नये म्हणून कागद चटकन उलटा करतो. खोटे कशाला बोलू? मला त्या शब्दाची लाज वाटत असे.

त्या लाजेला पहिला धक्का दिला तो एका खेळाने. त्याचे नाव 'गो'.

हा खेळ मूळचा चीनचा, अडीच हजार वर्षांहून जुना. पुढे तो कोरियात आणि जपानात रुजला. पटावर 19 उभ्या आणि 19 आडव्या रेघा. त्या जिथे एकमेकींना छेदतात त्या 361 जागा. एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. जपानी लोक त्यांना 'इशी', म्हणजे दगडच म्हणतात. आळीपाळीने एकेक दगड ठेवायचा. ठेवलेला सरकवायचा नाही. चहूबाजूंनी कोंडला गेला तरच तो उचलला जातो. दगडाशेजारच्या मोकळ्या जागेला चिनी भाषेत 'ची', म्हणजे श्वास, असा सुंदर शब्द आहे. शेवटी ज्याने जास्त जागा राखली, तो जिंकला.

इतका सोपा खेळ! सायन्सला असलेल्या एका मित्राच्या मदतीने मी गेल्या वर्षी संगणकाला तो शिकवायला बसलो. 9 रेघांचा लहान पट घेतला. 'शत्रूचा एकच श्वास उरला असेल तर तो बंद कर', 'आपला दगड गुदमरत असेल तर वाट काढ', असे 14 नियम लिहिले. आमचा प्रोग्रॅम मित्राच्या धाकट्या भावाकडून हरला. त्या पोराने खेळ त्याच आठवड्यात शिकला होता!

कारण शोधू लागलो तेव्हा कळले, की आमच्यापेक्षा थोर माणसेही इथेच अडली होती. 1968 च्या सुमारास अमेरिकेत आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी गो खेळणारा प्रोग्रॅम लिहिला. तो नवशिक्यांपुरताच भारी होता. बुद्धिबळात संगणकाने 1997 साली कास्पारोव्हला हरवले, पण गो मात्र हाती लागेना. बुद्धिबळात वजीर मोठा, प्यादे लहान, असा हिशेब मांडता येतो. गोमध्ये सगळे दगड सारखेच. किंमत असते ती जागेला. आणि ही जागा चांगली का, असे जाणत्या खेळाडूला विचारले तर पुष्कळदा तोही एवढेच सांगतो, की इथे आकार चांगला दिसतो. जे शब्दांत येत नाही त्याचा नियम कसा लिहायचा?

हे वाचताना मला एकदम आबा आठवले. आबा दगडी बांधकाम करणारे गवंडी. ढिगातून दगड उचलतात, हातात एकदा फिरवतात आणि ठेवतात. लहानपणी मी विचारले होते, "आबा, हाच दगड का?" ते म्हणाले, "बसतोय तिथं, म्हनून." मला ते अडाण्याचे उत्तर वाटले होते.

पुढची हकिकत जगाला ठाऊक आहे. लंडनच्या 'डीपमाइंड' कंपनीने 'अल्फागो' तयार केला. खेळी कोणती चांगली याचे नियम त्याला लिहून दिले नाहीत. आधी माणसांचे असंख्य डाव दाखवले, मग त्याला स्वतःशीच खेळत ठेवले. चुकले की आतले आकडे जरासे बदलायचे, पुन्हा खेळायचे. मार्च 2016 मध्ये सोल शहरात त्याने ली सेडोल या कोरियाच्या महान खेळाडूला 4-1 असे हरवले. दुसऱ्या डावातली त्याची 37 वी खेळी पाहून जाणकारांना ती चूकच वाटली होती. ती का खेळली, याचे वाक्यात लिहिलेले कारण त्या यंत्रात कुठेच नव्हते. त्यालाही आबांसारखेच म्हणावे लागले असते: बसतोय तिथं!

म्हणजे नियम सांगता न येणे हे अज्ञान नव्हे. मग आजवर मी अज्ञान कशाला म्हणत होतो?

दुसराही विचार मनात आला आणि तो बोचला. 2017 साली 'अल्फागो झीरो' तीन दिवसांत स्वतःशीच 49 लाख डाव खेळून तयार झाला. ते शिकलेले आकडे जपून ठेवता येतात, दुसऱ्या यंत्रात उतरवता येतात. आबांच्या हातातले कुठे उतरणार? मी दगडाला हात लावला की ते ओरडत, "सोड ते. तू पुस्तक धर." मी पुस्तक धरले. आबांचा हात सुटला.

दिवाळीच्या सुट्टीत ते शेताचा बांध रचत होते. मी म्हणालो, "आबा, आज मी बसवतो." ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग बाजूला सरकले. मी दगड ठेवायचा. आबांनी तळव्याने दाबून पाहायचा, उपसायचा आणि काही न बोलता परत माझ्या हातात द्यायचा. चूक काय, हे त्यांनी एकदाही सांगितले नाही. संध्याकाळपर्यंत मी 11 दगड बसवले. त्यांतले 2 आबांनी राहू दिले.

यंदाच्या अर्जात शिक्षणाच्या रकान्यात मी तोच शब्द लिहिला. दुसरा लिहायला नव्हता. पण 'व्यवसाय' या रकान्यात दरवर्षी 'मजुरी' असे लिहीत होतो, तिथे या वेळी 'गवंडी' लिहिले. आणि कागद उलटा केला नाही.