पाचोळ्यापर्यंतची वाट

माझ्या पतींना पक्षाघात झाला त्याला येत्या आषाढात चार वर्षे होतील. उजवी बाजू गेली आणि वाचेवरही परिणाम झाला. बोललेले सारे समजते. परंतु उत्तर देताना एखाद-दुसरा शब्दच हाती लागतो. त्याआधी हा मनुष्य दर पावसाळ्यात एकदा तरी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाऊन कान्हेरीची लेणी चढून येत असे. आजारानंतर आमचे जग ठाण्यातील दोन खोल्या, रुग्णालय आणि त्यांमधील रस्ता एवढेच उरले.

मध्यंतरी एकदा सहलीचा प्रयत्न केला होता. त्या ठिकाणाचे नाव लिहीत नाही. तशी ठिकाणे पुष्कळ आहेत. प्रवेशद्वाराशी उतार होता, त्यावर चाकांच्या खुर्चीचे चित्रही रंगविलेले होते. स्वच्छतागृहाचे दार मात्र खुर्चीपेक्षा अरुंद निघाले. वाटेत अडचण नको म्हणून सकाळपासून मीच त्यांना पाणी बेताने दिले होते; ते दार पाहिल्यावर त्यांनी दिवसभर पेल्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. लघवीचा जंतुसंसर्ग, सलाईन, आठवडाभर अंथरूण. "पाणी का तोडलेत?" डॉक्टरांनी विचारले आणि मला उत्तर देता येईना. दोष त्या दाराचा होता, तसा माझाही होता. पुढे बाहेर जाण्याचे नाव काढले की ते डावा हात हलवून नको म्हणत. घरीसुद्धा घोट घोट मोजूनच पीत.

यंदा पौषात मी पुन्हा मनावर घेतले, ते मात्र निराळ्या रीतीने. उद्यान सोमवारी बंद असते आणि रविवारी तिथे गर्दी उसळते. म्हणून मंगळवारी सकाळी आधी एकटीच गेले. पर्समध्ये शिवणकामाची टेप आणि हाती चाकांची प्रवासी बॅग. रिकामी बॅग ओढत झाडांखालून हिंडणाऱ्या बाईकडे फिरायला आलेली मंडळी वळून वळून पाहत होती. परंतु खुर्चीची पुढची चाके लहान असतात आणि खुर्ची अडते ती त्यांच्यामुळेच. जिथे बॅगेची चाके रुतली, अडखळली, तिथे मी वहीत फुली मारली. डांबरी रस्ता सुखाचा, खडी नको, मऊ माती कोरडी आणि घट्ट असेल तरच. टेपने स्वच्छतागृहांची दारे, उंबरे, पायऱ्या मोजल्या. आमच्या खुर्चीची रुंदी 63 सेंटिमीटर आहे, हा आकडा मला आता माझ्या जन्मतारखेसारखा पाठ आहे. उताराचा हिशेबही सोपा आहे. उंची एक तर लांबी निदान बारा. सहा इंचांच्या एका पायरीसाठी सहा फुटांची फळी लागते. त्याहून आखूड फळीवर ढकलणाऱ्याची कंबर जाते आणि बसणाऱ्याचा जीव. तीव्र उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी धरून, पाठमोरेच उतरावे. खाजगी वाहन आत कुठवर नेऊ देतात हे प्रवेशद्वाराशी विचारून घेतले, कारण असे नियम बदलत असतात.

लघवीचा प्रश्न मी दारांवर सोपविलाच नाही. लघवीचे भांडे, जुन्या चादरीचा पडदा, हात पुसण्याचे ओले रुमाल आणि कपड्यांचा एक जोड, असे सारे गाडीत ठेवायचे ठरविले. लघवी होण्याची गोळी सकाळी असते. ती त्या दिवशी केव्हा द्यावी हे डॉक्टरांनाच विचारले. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पाण्याचे मापही तेच ठरवून देतात. तिथे आपली हुशारी चालवू नये.

एवढी सिद्धता झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने त्यांच्यापुढे वही उघडली. कान्हेरीच्या पायऱ्या कातळात खोदलेल्या. तिथे खुर्ची चढणे नाही. तेव्हा पायथ्याशी थांबून निदान वर नजर टाकावी, असा माझा बेत होता. त्यांनी वही दूर सारली. पुष्कळ वेळ ओठ हलले, मग शब्द आला, "पाचोळा."

दोन महिने मी दारे मोजत होते आणि ज्यांच्यासाठी मोजत होते त्यांना कुठे जायचे आहे हे विचारलेच नव्हते.

माघातल्या एका गुरुवारी निघालो. भाचा गाडी चालवायला आणि आमचे मदतनीस उचलायला. खुर्चीवर गादी, उजव्या हाताखाली उशी. संवेदना नसलेला हात नकळत चाकाकडे घसरतो. पायांत मोजे. खाण्याचा डबा माकडांच्या भयाने गाडीतच. दर अर्ध्या तासाने त्यांना एका अंगावर कलवून बसण्याची जागा मोकळी करायची, एवढे काम मी घड्याळावर सोपविले.

दहिसर नदीच्या बाजूला रस्त्यालगत सागाची झाडे आहेत. माघात त्यांची सुपाएवढी पाने गळलेली असतात. मदतनीसांनी खुर्ची हळूच रस्त्याखाली घेतली. चाकांखाली पाने करकरली तसे त्यांनी डावा हात उंचावून थांबायला सांगितले, मग डाव्या पायाकडे बोट दाखविले. मी बूट काढला, मोजा काढला, पायाखालची पट्टी वर केली. त्यांनी तळवा पाचोळ्यात ठेवला आणि तो पुढे-मागे करीत राहिले. मी काही बोलू लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसले. भाचा घड्याळ दाखवून मला त्यांना कलवण्याची आठवण करीत होता. तेवढे सोडले तर तासभर आम्ही काहीच केले नाही. पडद्याची गरज एकदा पडली. फारसे अवघड गेले नाही.

परतताना घोडबंदर रस्त्यावर वाहने तुंबली. घर निदान तासाभराच्या अंतरावर, आजूबाजूला नुसते ट्रक. मागच्या सीटवर मी त्यांच्या पायाला कुठे काही चावले तर नाही ना, हे पाहत होते. त्यांनी माझ्या खांद्याला स्पर्श केला आणि स्वतःहून म्हणाले, "पाणी दे."

मी पेला पूर्ण भरला.