भिंतीवरच्या आया

पिट्सबर्गला भाचीकडे गेलं की मन्रोव्हिलच्या हिंदू-जैन मंदिरात दर्शन ठरलेलंच. या खेपेला ती म्हणाली, "मावशी, आज एक चर्च दाखवते. मूर्ती नाहीत, भिंती बघायच्या."

ॲलेगनी नदीपलीकडचं मिलव्हेल हे कामगारांचं गाव. १९८०च्या दशकात या भागातले पोलादाचे कारखाने एकेक करून बंद पडले, होमस्टेडचा अवाढव्य कारखाना १९८६ साली. मिलव्हेलची वस्ती आता जुन्या काळाच्या निम्मीही उरली नाही. चढावरची घरं, काही बंद दारं, आणि वर सेंट निकोलस हे क्रोएशियन लोकांचं चर्च.

तिथले फादर झागर यांनी १९३७ साली मॅक्सो वान्का या क्रोएशियन चित्रकाराला बोलावलं. दोनच महिन्यांत त्याने भिंती रंगवल्या, १९४१ साली पुन्हा येऊन आणखी रंगवल्या. वेदीमागची मेरी नाजूक नाही. शेतात राबणाऱ्या बाईचे असतात तसे तिचे हात दणकट आहेत.

मी थांबले ती दोन चित्रांपाशी. एकात मायदेशी युद्धात मेलेल्या मुलाच्या पेटीभोवती पांढऱ्या कपड्यांतल्या बायका. दुसऱ्यात अमेरिकेतल्या कारखान्यात मेलेला तरुण आणि त्याच्याभोवती काळ्या कपड्यांतल्या बायका. दूर धुराडी, आणि कामावर निघालेली माणसं. दुसऱ्याच्या नावाचा अर्थ असा, की परदेशी आलेली आई अमेरिकेच्या उद्योगासाठी मुलगे वाढवते. देश बदलला, बायकांचं बसणं तेच.

आमच्या बेळगावात उद्यमबागेत फाउंड्र्या. गल्लीतल्या एका बाईचा मुलगा ओतकाम करायचा. उकळतं लोखंड अंगावर सांडून गेला. फाउंड्रीवाल्यांनी थोडे पैसे दिले, वहीत एक ओळ लिहिली, विषय संपला. आमची अव्वा तेरा दिवस त्या बाईजवळ नुसती बसून होती. "बोलून काय करायचं गं? बसायचं," म्हणायची. वान्काने तेच बसणं रंगवलंय.

१९४१च्या चित्रांत उंच टोपीवाला एक धनिक एकटाच जेवतोय, हातात शेअरबाजाराचा कागद. दुसरीकडे साधं सूप-पाव वाटून खाणारं कुटुंब. मुखवटा घातलेल्या अन्यायाच्या हातात तराजू आहे आणि त्यात पावापेक्षा सोनं जड. मला आपल्या देवळांतलं लेश्यांचं चित्र आठवलं. जांभळं खायची म्हणून एक जण झाडच मुळापासून तोडतो, आणि शेवटचा खाली पडलेली तेवढी वेचतो. गोष्ट आपल्याला पाठशाळेपासून पाठ. पण कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या अंगावर आजच्या शेटजींचा कोट घालायचं धाडस आपल्या चित्रकारांनी केलेलं मी तरी पाहिलं नाही. ते या फादरने करू दिलं, तेही देवाच्या घरात!

याच नावाचं क्रोएशियनांचं दुसरं, आणखी जुनं चर्च पिट्सबर्गच्या नॉर्थ साइडला होतं. ते २००४ साली बंद झालं आणि २०१३ साली पाडलं. मिलव्हेलचं मात्र टिकलं. चित्रं वाचवायला १९९१ साली मंडळ निघालं, पुढे काजळी पुसून रंग वर आणायचं कामही झालं. मला वाटतं, भिंतीवर आपल्याच घरातलं मरण दिसत असेल तर ती भिंत पाडायला हात सहजी उठत नाही.

आपल्या बस्तीत संगमरवरावर देणगीदारांची नावं असतात. असू देत, दानाची अनुमोदना करावीच. पण बस्तीचं लोखंड ओतलं कुणी, मुलगा परदेशी गेल्यावर घरात एकटं कोण बसलं, हे त्यात येत नाही. परतताना भाचीला मी एवढंच सांगितलं, की मन्रोव्हिलच्या तुमच्या पोरांना एक काम दे. प्रत्येकाने आपल्या आजीला फोन करून विचारायचं, "आम्ही निघालो त्या रात्री तू काय केलंस?" आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं. रंग नंतर भरता येतील.