शक्तिमान आणि सात वर्षांचे मूल

१३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या बपेऱ्यात धान निसवण्याच्या बेतात होते. तुमसर तालुक्यातले हे गाव मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असल्यामुळे हिंदी इथे परकी नाही; मालिका कळायला कुणाच्या मदतीची गरज पडली नाही. संच मात्र कृष्णधवल होता. शक्तिमानचा पोशाख तांबूस आणि सोनेरी आहे, हे आम्हांला पुढे कधीतरी वहीवर चिकटवायच्या चित्रांवरून समजले. तोवर आमचा महानायक राखाडी रंगाचाच होता, आणि त्यावाचून आमचे काही अडले नव्हते.

मार्च २००५ पर्यंत चाललेल्या या मालिकेकडे आज पालक या नात्याने पाहताना तिचे गुण आणि दोष वेगवेगळे काढता येत नाहीत, असे मला वाटते. तिचा सर्वांत मोठा गुण हा, की ती मुलाशी थेट बोलत असे. ‘महाभारता’तले भीष्म म्हणून घरोघरी ठाऊक असलेले मुकेश खन्ना भागाच्या शेवटी पडद्यावरून मुलांना स्वच्छतेच्या, खरे बोलण्याच्या, वडीलधाऱ्यांचे ऐकण्याच्या छोट्या छोट्या गोष्टी समजावीत. चुकलेले मूल ‘सॉरी शक्तिमान’ म्हणे. जेवणाआधी हात धुण्याविषयी आईने शंभरदा सांगून जे होत नसे, ते या एका वाक्याने आमच्या गल्लीत होऊ लागले. आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने हे यश लहान नव्हते.

पण जे मूल शक्तिमानच्या सांगण्यावरून हात धुते, ते त्याच्या असण्यावरही विश्वास ठेवते. विश्वास अर्धाच ठेवण्याची सोय बालवयात नसते. कल्पित आणि वास्तव यांतली सीमारेषा मुलाच्या मनात हळूहळू स्पष्ट होत जाते. मृत्यू म्हणजे परत न येणे, ही जाणही साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होऊ लागते. त्या आधीच्या मुलाला ‘संकटात सापडलास तर तो येईल’ हे कथासूत्र आश्वासन वाटते. मालिका गाजत असताना, शक्तिमान वाचवील या भरवशावर मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. त्यांतल्या किती मालिकेमुळे आणि किती अन्य कारणांनी, यावर तेव्हाही वाद झाला. खन्ना यांनी मालिकेतूनच मुलांना या करामतींचे अनुकरण करू नका असे बजावले, हे योग्यच झाले. मात्र सूचना करणारा माणूसही मुलाच्या लेखी शक्तिमानच होता, ही अडचण सूचनेने सुटणारी नव्हती.

आमच्या वाडीत कठडा नसलेली विहीर होती. माझ्या धाकट्या भावाने, तेव्हा तो सहा वर्षांचा असेल, एका रविवारी आजीला विचारले, “मी विहिरीत पडलो तर शक्तिमान येईल ना?” आजी शेजारी बसून सुपातले तांदूळ निवडत होती. मालिका ती पाहत होती की नाही, हे कधीच कळत नसे. तिने मान वर न करता सांगितले, “बाबू, तो राह्यते मुंबईले. तेथून येवाले त्याले दोन दिस लागतीन. तवरी मलेच उडी घ्या लागंल, अन् मले पोहता येत नाही.” भाऊ कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिला. शक्तिमान न येणे त्याला कदाचित चालले असते. आजीने बुडणे चालणारे नव्हते. त्या आठवड्यात वडिलांनी विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकल्या.

शक्तिमान खोटा आहे, असे आजी म्हणाली नाही. तसे म्हटले असते तर भावाने तिच्याशी भांडण केले असते. मुलांबरोबर बसून पाहा, असे बालरोगतज्ज्ञ आज सांगतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते पाच या वयात मोठ्यांच्या देखरेखीखाली एक तासाहून अधिक नको. तासाचा हिशेब आपण काटेकोर ठेवतो, देखरेखीचा विसरतो. शेजारी बसायचे ते नेमक्या अशा प्रश्नासाठी.

मालिकेचे अन्य दोष मला त्या मानाने किरकोळ वाटतात. उडण्याची दृश्ये कच्ची होती, कथानक पुढे पुढे रेंगाळले. गोल फिरण्याची नक्कल करून आम्ही अंगणात कोसळत असू. थांबल्यानंतरही कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव काही क्षण फिरत राहतो म्हणून भोवळ येते, हे शाळेत शिकण्याच्या फार आधी आम्ही अनुभवले. एक गोष्ट मात्र खटकते. नायकाची शक्ती कुंडलिनी आणि सात चक्रांतून येते, तर प्रयोगशाळेत बसलेला डॉ. जैकाल दुष्ट! योगाने श्वास, झोप, पाठ सुधारते ती सावकाश, रोजच्या सरावाने. भिंत फोडण्याचे बळ त्यातून मिळत नाही. आणि प्रयोगशाळेतला माणूस मुलांनी लस टोचून घेताना आठवावा असा असतो. उलट गीता विश्वास ही धीट वार्ताहर, जी प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही, त्या काळच्या मुलींना मिळालेली एक चांगली सोबत होती.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा मी माझ्या सात वर्षांच्या मुलीबरोबर ती पाहिली. उडणे पाहून ती खदखदून हसली. आमच्या पिढीची भीती तिच्या पिढीला उरलेली नाही, असे वाटून मी निर्धास्त झालो. मग पडद्यावर गंगाधर आला. पुढे आलेले दात, जाड चष्मा, चापून बसवलेले केस. सगळे त्याला हसतात, आणि तोच रूप पालटून शक्तिमान होतो तेव्हा दातही सरळ होतात. मुलीचे हसणे थांबले. तिचे दुधाचे पुढचे दात नुकतेच पडले होते आणि नवे जरा तिरके उगवत होते. तिने विचारले, “बाबा, चांगला माणूस व्हायला दात सरळ लागतात का?”

मी आवाज बंद केला. भाग संपेपर्यंत आम्ही दातांविषयीच बोलत होतो.