गाठोडे आणि किल्ली

देशांतर करणाऱ्या मनुष्याच्या सामानात सर्वांत हलकी आणि तरीही सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे त्याचे कागद. भांडे हरवले तर दुसरे घेता येते, वस्त्र फाटले तर शिवता येते. परंतु आपण कोण आणि कोठून आलो हे सांगणारा कागद गेला, की माणूस आपल्याच ओळखीस पारखा होतो. गिरमिटावर सागर ओलांडलेल्या घराण्यांस हे निराळे सांगावयास नको.

पूर्वी जे गाठोडे काखेत असे, ते आज मोबाईलमध्ये मावते. पारपत्राची प्रत, विमानाचे तिकीट, औषधांची यादी, आजोबांचे छायाचित्र, सारे तळहाताएवढ्या यंत्रात. सोय खरोखरच मोठी. मात्र एक गाठोडे हरवले की सारेच हरवते, हा जुना धोका तिच्याबरोबर आलेलाच आहे.

सिंगापूर बेटाच्या वायव्य भागात चोआ चू कांग नावाचे उपनगर आहे. एके काळी तेथे तेओच्यू बोलणारे चिनी शेतकरी नदीकाठी मिरी आणि गंबीर पिकवीत. गावाचे नावही त्यांच्याच बोलीतले. 1990 मध्ये तेथे मेट्रो पोहोचली आणि आज तेथे उंच इमारतींची दाट वस्ती आहे. अशाच एका इमारतीत राहणाऱ्या पुतणीकडे मॉरिशसचे एक निवृत्त शिक्षक चार दिवसांसाठी उतरले होते. पुढे त्यांना कोकणात जावयाचे होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदी जतन केलेल्या आहेत. तेथून त्यांनी पणजोबांच्या नोंदीचा उतारा मिळविला होता. त्यात क्रमांक होता, जहाज होते आणि मूळ गावाचे नाव होते. त्या उताऱ्याच्या बळावर गाव शोधावयाचे, हा या प्रवासाचा हेतू. मूळ कागद घरी ठेवून त्याचे चित्र त्यांनी मोबाईलमध्ये घेतले होते.

दुसऱ्याच दिवशी तो मोबाईल बसमध्ये राहिला.

“काका, प्रत ठेवली आहे ना कुठे?” पुतणीने विचारले.

“ठेवली आहे की. क्लाउडवर सारे आपोआप जाते.”

“मग काळजी कसली? माझ्या संगणकावर उघडू या.”

पासवर्ड त्यांना तोंडपाठ होता. परंतु परदेशातून, अनोळखी यंत्रावरून कोणी दार ठोठावीत आहे असे पाहून त्या व्यवस्थेने खात्रीसाठी एक अंक पाठविला, आणि तो पाठविला हरवलेल्याच मोबाईलवर. नवे सिमकार्ड मॉरिशसला परतल्यावाचून मिळणार नव्हते. सिंगापुरात राहण्याची मुदत हल्ली पारपत्रावरील शिक्क्याने नव्हे, तर ईमेलने कळविली जाते. तो ईमेलही त्याच कुलुपाआड. प्रत सुरक्षित होती, पण किल्ली गाठोड्यातच बांधलेली होती.

येथे पूर्वजांची आठवण होते. 1867 च्या कायद्याने मॉरिशसमधील जुन्या गिरमिटियांवर छायाचित्र लावलेले तिकीट सदैव जवळ बाळगण्याची सक्ती झाली. तिकिटावाचून सापडलेल्यास पोलीस पकडीत. या जाचाविरुद्ध 1871 मध्ये आडोल्फ द प्लेव्हित्झ यांच्या साह्याने नऊ हजारांहून अधिक लोकांनी अर्ज केला आणि पुढील वर्षी शाही चौकशी मंडळ आले. ती नोंदवही मजुरांवर अंमल ठेवण्यासाठी होती, प्रेमापोटी नव्हे. तथापि तिकीट कमरेला आणि नोंद कचेरीत, अशी दोन ठिकाणे असल्यामुळेच तिकीट हरवलेल्या माणसाचाही माग त्याच्या पणतवंडांस आज लागतो. तो लागतो मुख्यतः क्रमांकावरून. कारण कारकुनाने कानाला लागेल तसे नाव लिहिले, त्यामुळे एकाच माणसाची नावे दोन कागदांत दोन प्रकारे आढळतात. चोआ चू कांगचेच पाहा: उपनगराचे नाव ‘चोआ’, तर मतदारसंघाचे ‘चुआ’. एकाच रूपाने शोधणाऱ्यास दुसरे सापडत नाही. म्हणून जतन केलेल्या चित्रास ‘आजोबा’ एवढेच नाव देऊन भागत नाही. क्रमांक, वर्ष व नावाची सर्व रूपे लिहिलेली बरी.

जाणकारांचा नियम साधा आहे: महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. मोबाईलमधून खोडलेले चित्र क्लाउडवरूनही नाहीसे होऊ शकते. म्हणून केवळ आपोआप जुळणाऱ्या प्रतीवर विसंबू नये. ती जोड असते, राखण नव्हे. बहुतेक सेवा अडचणीच्या वेळेसाठी काही राखीव अंक देतात. ते कागदावर उतरवून मोबाईलपासून वेगळे, पैशाच्या पाकिटात किंवा विश्वासू आप्ताजवळ ठेवावेत. निघण्यापूर्वी मोबाईल बाजूस ठेवून, दुसऱ्याच्या संगणकावर आपला कागद उघडतो का, हे एकदा पाहावे. घरी पाच मिनिटांत कळणारा दोष परदेशात पाच दिवस खातो. वाचनालयाच्या संगणकावर मात्र खाते उघडे सोडून उठू नये.

त्या शिक्षकांचे काम अखेर जुन्याच रीतीने झाले. मॉरिशसचे घड्याळ सिंगापूरच्या चार तास मागे. तिकडे उजाडेपर्यंत काका-पुतणी वाट पाहत बसली. मग घरच्या पेटीतील उतारा नातवाने शोधला, त्याचे चित्र आतेच्या मोबाईलवर धाडले, आणि तिने त्याच्या दोन छापील प्रती काढल्या. एक काकांच्या पिशवीत गेली. दुसरी तिने स्वतःजवळ ठेवली. कारण तो पूर्वज तिचाही होता, आणि त्याचा क्रमांक तिने त्या दिवशी प्रथमच वाचला होता.