ट्रॉलीवरचा तंबू

लकडगंजात राहणाऱ्या माणसाला लाकडातले काही कळते, असा बाहेरगावच्या पाहुण्यांचा एक प्रेमळ गैरसमज असतो. मी तो कधी दूर केला नाही. माझी उभी हयात इथल्या एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिण्यात गेली. दोन घनफूट सागवान किती किलो भरेल ते मी झोपेतही सांगेन. पण त्याच सागवानात एक खिळा सरळ ठोकायची वेळ आली की घरातली मंडळी आधी मलमपट्टीचा डबा काढून ठेवतात. अशा मला गेल्या दिवाळीत ट्रॉलीवर तंबू बसवण्याची बुद्धी झाली.

तंबू मुलाचा. मोटारीच्या टपावर बसवायचा. मिटलेला असला म्हणजे चार फूट चौरस वळकटीसारखा दिसतो. उघडला म्हणजे पुस्तकासारखा उलगडतो. पुस्तकाचे एक पान टपावर टेकते, दुसरे अधांतरी बाहेर येते, आणि त्या अधांतरी पानाला जमिनीपासून एक शिडी तोलून धरते. शिडीने वर चढायचे आणि आत गादीवर झोपायचे. ही कल्पना काही आजची नव्हे. इटलीत 1958 सालापासून असे तंबू निघाले. मुलाने तो पुण्यात मोठ्या हौसेने घेतला. चिखलदऱ्याला दोन रात्री त्यात काढल्यावर सूनबाईंनी पुढच्या वेळी हॉटेल पाहायला सांगितले. मग मुलाची नोकरी परदेशी गेली, मोटार विकली गेली, आणि पंचावन्न किलोंचा तो तंबू मालमोटारीने आमच्या छपरीत येऊन पडला. चार वर्षे आमच्या घरच्या मिरच्या त्याच्यावर वाळल्या.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. ताई उमरेडच्या पलीकडे राहते. पूर्वी इतवारीहून अडीच फुटी रुळांची छोटी गाडी तिकडे जाई. 2019 साली रूळ रुंद करण्यासाठी ती बंद झाली, आणि माझ्या फेऱ्या, खरे सांगायचे तर, त्याच्या बऱ्याच आधी कमी झाल्या होत्या. ताईने सगळी खुशाली सांगितली आणि शेवटी, जणू काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाली, "सध्या जागलीले मीच जाऊन राहिली."

जागल म्हणजे पिकाची रात्रीची राखण. आमच्या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखात दिवाळीच्या सुमारास लोंब्या भरतात आणि त्याच सुमारास रानडुकरांनाही दिवाळीचा फराळ आठवतो. डुकरांचा कळप एका रात्रीत खातो थोडे आणि लोळून नासतो फार. शेताभोवती लोक जुनी लुगडी बांधतात, कोपऱ्यात मचाण घालून रात्रभर डबा वाजवतात. भाटवे (आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणतात) आदल्या वर्षी मचाणावरून पडले. वाळवीने खालचा एक खांब पोखरला होता. मनगट मोडले, ते जुळले, पण हाताची मूठ काही नीट वळेना. भाचा दिवसभर कामावर. म्हणून ताई, वय वर्षे सदुसष्ट, रात्री बांधावर घोंगडी टाकून बसत होती.

उमरेड-कऱ्हांडल्याचे अभयारण्य 2012 साली झाले, तेव्हापासून त्या बाजूला वाघाची वर्दळ सर्वांच्या परिचयाची झाली आहे. तिथला 'जय' नावाचा वाघ साऱ्या देशाला ठाऊक झाला आणि 2016 साली कोणालाही न सांगता नाहीसा झाला. मी ताईला म्हटले, "अगं, वाघ आहे ना तिकडे!" ती म्हणाली, "तो कायले येते माझ्यासाठी? तो डुकरासाठी येते. त्याचं आन् माझं काम एकच."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे छपरीत गेलो आणि मिरच्या बाजूला केल्या.

कल्पना अशी की ताईकडे छोट्या ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली आहे, सहा फूट लांब, चार फूट रुंद. तंबू तिच्यावर बसवायचा. मचाण एका कोपऱ्यात खिळलेले असते आणि डुकरे दुसऱ्या कोपऱ्यातून येतात. ट्रॉली मात्र आज नाल्याकडे, उद्या जंगलाकडे नेऊन उभी करता येते. अडचण एवढीच की पंधरा दिवसांनी धान कापले म्हणजे ओझी वाहायला तीच ट्रॉली लागणार. तेव्हा तंबू बसला पाहिजे पक्का आणि निघाला पाहिजे चटकन.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री बसतात. शेजारी आरागिरणी, त्यामुळे त्यांच्या भुवयांवर बाराही महिने भुसा. 2023 साली संसदेच्या नव्या इमारतीत नागपूरहून गेलेले सागवान लागले, तेव्हा हे गृहस्थ आठ दिवस असे वागत होते की जणू सभापतींची खुर्ची यांच्याच रंध्याखालून गेली. माझे काम ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाबूजी, कायमचं का तात्पुरतं?"

"तात्पुरतं."

"मग वेळ लागंल," ते म्हणाले.

मला ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. कायमचे काम म्हणजे भोक पाडा, बोल्ट घाला, पत्रा जोडा, झाले. तात्पुरत्या कामात ट्रॉलीला एकही भोक पडता कामा नये. त्यांनी चार खूर असलेली एक चौकट ठरवली. खूर ट्रॉलीच्या चार कोपऱ्यांत आतून उभे राहतील, खुरांना तिरप्या पट्ट्यांची कैची, आणि सगळी चौकट ट्रॉलीच्या कडांना यू-बोल्टने आवळायची. बोल्टखाली जुन्या टायरचे तुकडे, म्हणजे धक्क्याने ढिली होणार नाही. मला चौकट उंच हवी होती. ते ऐकेनात. "जेवढं उंच, तेवढं डुलंल. वाघाले सहा फूट काय आन् आठ फूट काय!" तंबूचा तळ जमिनीपासून सहा फुटांवर ठेवायचे ठरले. साल वापरले तर चौकटच पन्नास किलोंच्या आसपास गेली असती. जुन्या सागवानात पस्तीस-छत्तीसमध्ये भागत होते. हा हिशेब तेवढा माझा.

जुन्या वाड्यांच्या मोडतोडीतले वासे मिळाले. मधोमध, तंबूच्या बिजागरीखाली, एक चांगली रुंद फळी हवी होती. मिस्त्री म्हणाले, दीड इंच जाडीची, गाठ नसलेली. मी भाव विचारायला लागलो, तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्याकडे बंगईचा पाट पडला आहे ना."

नागपूरकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात. लकडगंजातले आमचे जुने घर आजोबांनी बांधलेले, मातीच्या भिंतींचे. त्याच्या ओसरीत ही बंगई होती. आईने आम्हा दोघांना तिच्यावर झोपवले, ताई तिच्यावर बसून अभ्यास करी आणि पायाने मला झोके देई. 2001 साली ते घर पाडून मी सिमेंटचे बांधले. कागदपत्रांसाठी ताईची हक्कसोडीची सही लागत होती. ती छोट्या गाडीने सकाळी आली, सही केली, साडीचोळी घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघाली. निघताना एवढेच म्हणाली, "बंगईचा पाट मात्र मले दे." मी म्हटले, "पोचवतो."

पुढे 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला देशभर मुलाइतकाच वाटा मिळाला. आमच्या सहीनंतरची ती गोष्ट. तरीही वखारीत वाचलेले त्या दिवशीचे वर्तमानपत्र मी घरी आणले नाही. पाट नव्या घराच्या जिन्याखाली उभा होता. स्लॅबला कड्या नव्हत्या, म्हणून आमच्याकडेही तो टांगला गेला नाही. वीस-बावीस वर्षांत पोचवायला मला सवड झाली नाही.

"तोच लावा," मी मिस्त्रींना म्हटले. ताईला तिची वस्तू पोचेल आणि तोंडाने काही बोलावेही लागणार नाही, असा माझा हिशेबनिशी विचार.

भाऊबीजेच्या पहाटे 'छोटा हत्ती' म्हणतात तो टेम्पो करून तंबू, चौकट आणि मी निघालो. ताईने पाटावर बसवून ओवाळले. ताटात काय टाकतो म्हणून भाचेसून कौतुकाने पाहत होती. मी म्हटले, "ओवाळणी बाहेर टेम्पोत आहे. चार माणसे बोलवा."

दुपारी शेतावर चौकट ट्रॉलीत बसली, बोल्ट आवळले, तंबू चढला. तंबू ट्रॉलीच्या मागच्या बाजूला उघडेल असे मी ठरवले होते. चढायला मागून सोपे. गावातली पोरे जमली. एक म्हातारबुवा म्हणाले, हे काही नवे नव्हे, आमच्या आजीला रामटेकच्या जत्रेला तट्ट्याच्या दमणीतून नेत, तिच्यातही झोपता येई. भाटवे मात्र दुखरा हात पोटाशी धरून नुसते एक चक्कर मारून आले.

"उलाळ होईल," ते म्हणाले.

बंडीत मागे जास्त ओझे झाले की पुढचे जू वर उचलले जाते; त्याला उलाळ म्हणतात. मी त्यांना समजावले की भार शिडीवर येतो, कंपनीने तशी योजना केली आहे. ते म्हणाले, "तर मग चढा."

मी चढलो. ट्रॅक्टर सोडलेला होता, पुढच्या दांड्याखाली नुसता टेकू. आत शिरून बाहेरच्या पानावर बसलो मात्र, शिडीचे पाय ओल्या बांधात वीतभर रुतले, पुढचा दांडा टेकू सोडून आभाळाकडे निघाला, आणि पोरांनी जत्रेतल्या पाळण्याला लाजवील असा गलका केला. कंपनीने सगळी योजना चार चाकांच्या मोटारीसाठी केली होती. दोन चाकांचा तोल बैल आणि भाटवे यांना ठाऊक.

मला उतरवल्यावर भाटव्यांनी सूत्रे घेतली. तंबूचे तोंड दांड्याच्या बाजूला फिरवायचे, म्हणजे भार पुढे येतो. दांड्याखाली ओंडका, मागे दोन्ही कोपऱ्यांना टेकू, चाकांना दगड. भोके पाडली नव्हती म्हणूनच हे जमले. बोल्ट सोडून, चौकट उलटी फिरवून पुन्हा आवळायला अर्धा तास लागला. मनातल्या मनात मी मिस्त्रींना नमस्कार केला.

चौकट रिकामी असताना ताई जवळ आली. तिने मधल्या फळीवर हात फिरवला. कड्यांची चार भोके, आणि एका कोपऱ्यात तिने लहानपणी खिळ्याने कोरलेला 'क'. ती काही बोलली नाही. मीही दुसरीकडे पाहू लागलो.

शिडी रुतू नये म्हणून तिच्या पायांखाली रुंद काहीतरी हवे होते. भाटवे त्या पाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काढा, बरोबर बसते." ताई एकदम म्हणाली, "नाही. त्याच्यावर मातीचे पाय नाही द्यायचे." आणि ती स्वतः घरी जाऊन गोठ्याच्या दाराची मोडकी फळी घेऊन आली.

रात्री तंबूत आम्ही दोघे भावंडे. बीजेचा चंद्र केव्हाच मावळला होता. जाळीच्या खिडकीतून काळोखात लुगड्यांच्या पट्ट्या हललेल्या कळत. भाचा बॅटरी घेऊन खाली ट्रॅक्टरवर. पलीकडच्या कोपऱ्यात टांगलेल्या डब्याची दोरी ताईने पायाच्या अंगठ्याला बांधली होती. पाय हलवला की डबा वाजे. मला ते ओळखीचे वाटले, पण कशामुळे ते लवकर ध्यानात आले नाही.

"तू सही घ्यायला बोलावलं ना," ती अंधारात म्हणाली, "तवा मी गाडीतच ठरवलं होतं, घर मागायचं नाही. पण पाटाची वाट पाहिली, बापा. चार-पाच वर्सं तरी."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"झोप. दोन वाजता येतात ते."

दोन वाजता खरेच आले. धानात सळसळ झाली, मग कोणी तरी मोठ्याने खाकरावे तसा आवाज. ताईने पाय झटकला, भाच्याने बॅटरी मारली, मी जमेल तेवढे ओरडलो. कळप नाल्याकडे फुटला. तंबू जागचा हलला नाही. सकाळी पाहिले तर एका कोपऱ्यातले हातभर धान गेले होते, एवढेच. भाटवे म्हणाले, आज ट्रॉली नाल्याच्या तोंडाशी लावू.

पंधरा दिवसांनी फोन आला. धान कापले, तंबू उतरवायला दोन माणसांना पंचवीस मिनिटे लागली, तो पडवीत ठेवला आहे, हरभऱ्याच्या वेळी पुन्हा चढेल. मग ताई म्हणाली, "पाट काढून घेतला मी. ओसरीत कड्या होत्याच. भाटवे दिवसभर बसून राहतात तिच्यावर, उठवत नाही. तुझ्या तंबूले दुसरी फळी पाय."

संध्याकाळी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी भुवयांवरचा भुसा पुसला आणि माप विचारले.

"चार फूट, दीड इंच जाड. तात्पुरतीच."

"सागवान मागू नका या खेपी," ते म्हणाले, "भाव चढला. साल देतो."