काकांची सायकल आणि रुंद टायर

जुन्या वस्तूंवर जीव असणाऱ्या माणसाची एक कायमची अडचण असते. वस्तु जपावी तर ती वापरतां येत नाहीं, आणि वापरावी तर ती जशीच्या तशी राहत नाहीं. आजीची पैठणी, आजोबांचा तंबोरा, वडिलांचें फाउंटन पेन, यांपैकीं एखाद्या वस्तूपायीं हा पेच बहुतेक घरांत केव्हां ना केव्हां पडतो. आमच्या घरांत तो गेल्या वर्षीं एका सायकलीमुळें पडला, आणि तोहि टायर किती रुंद असावा एवढ्याशा प्रश्नावरून. विषय क्षुल्लक वाटेल. आम्हांसहि प्रथम तसाच वाटला होता.

ही सायकल आमच्या काकांची. १९७२ सालीं काका शिक्षणासाठीं लीड्स येथें होते, तेव्हां त्यांनीं ती तेथेंच विकत घेतली. सुटीच्या दिवशीं यॉर्कशरच्या डोंगरांतून ती मनसोक्त फिरविली, आणि परत येतांना सामानाबरोबर जहाजानें मुंबईस आणली. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठींच बांधलेली ती सायकल आहे. सांगाडा ‘रेनॉल्ड्स ५३१’ या जातीच्या पोलादी नळ्यांचा, हलका पण चिवट. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखें खालीं वळलेलें. मागें कॅरिअर, दोन्ही चाकांवर मडगार्ड. चाकांचें माप २७ इंच आणि टायर सव्वा इंच रुंद. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. त्या काळांतहि या सायकलीकडे लोक वळून पाहत, असें काकू कौतुकानें सांगत. काकू आतां नाहींत. काकांनीं अठ्ठ्याहत्तरी गांठली आहे. पण आठवड्यांतून दोनदां पहाटे सदाशिव पेठेंतून निघावें, खडकवासल्याच्या धरणापर्यंत जावें आणि घरच्या चहाला परत यावें, हा त्यांचा क्रम कधीं चुकला नव्हता.

गेल्या वर्षीं टायरांच्या कडांना भेगा पडल्या आणि नवे टायर आणण्याचें काम आमच्याकडे आलें. या विषयांत आम्हांस गति नाहीं, म्हणून आम्हीं चिरंजिवांचा सल्ला घेतला. चिरंजीव शर्यतीची सायकल चालवितात. “टायर जितका अरुंद आणि हवा जितकी कडक, तितका वेग अधिक, बाबा,” एवढ्यांत त्यांचें शास्त्र संपलें. आम्हांस तें पटलें. पातळ सुरी सहज चिरते, तसा अरुंद टायर रस्ता सहज कापीत असावा, असा आम्हीं मनाशीं तर्क बांधला. जुन्या चाकांवर बसणारे २८ मिलिमीटर रुंदीचे टायर आणविले, आणि चिरंजिवांनीं दर चौरस इंचास ११० पौंड दाब होईपर्यंत हवा भरली. टिचकी मारतांच टायर तबल्यासारखा वाजूं लागला. सर्वांना समाधान वाटलें.

दुसऱ्या दिवशीं काका नेहमींपेक्षां उशिरां परतले. वहिनींनीं चहाचा कप पुढें केला. काकांनीं तो धरला, आणि तो त्यांच्या हातांतून निसटला. कप फुटला त्याचें कांहीं नाहीं. पण काका आपल्या करंगळीकडे आणि तिच्या शेजारच्या बोटाकडे ज्या नजरेनें पाहत राहिले, ती नजर आम्हांस विसरतां येत नाहीं. “बोटांत जीवच नाहीं रे,” एवढेंच ते म्हणाले. त्यानंतर सायकल आठ दिवस जिन्याखालीं उभी होती. घरांत त्याविषयीं कोणी बोललें नाहीं. परंतु या वयांत माणसाची पहाटेची वाट एकदां मोडली म्हणजे ती पुन्हां पडत नाहीं, हें सर्वांना ठाऊक होतें. आणि ती आमच्या हातून मोडली होती.

डॉक्टरांनीं हात तपासून सांगितलें कीं, करंगळीच्या बाजूनें तळहातांत उतरणारा मज्जातंतु हँडलावरील भारानें आणि सततच्या हादऱ्यांनीं दबला आहे. विश्रांतीनें बरें वाटेल, पण हादरे कमी केले पाहिजेत. तेव्हां मात्र आम्हीं टायर हा विषय हातीं घेऊन नीट वाचावयास आरंभ केला.

प्रथमच आम्हांस एक गोष्ट कळली, आणि ती वाचून आम्ही मनांतून शरमलों. हवेचा टायर व्यवहारांत आणला तो बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें. आणि त्याचें पेटंट १८८८ सालचें. हा खटाटोप त्यानें शर्यत जिंकण्यासाठीं केला नव्हता. आपल्या लहान मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर आदळूं नये, एवढाच त्याचा हेतु होता. पुढें १८८९ सालीं विली ह्यूम या स्वारानें तेच फुगीर टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या, तेव्हां भरीव रबराच्या टायरांस हंसत असलेले लोक गप्प झाले नाहींत, तर फुगीर टायरांस हंसणारे गप्प झाले. म्हणजे ज्या वस्तूचा जन्मच मुळीं घरच्या माणसाला सुख व्हावें म्हणून झाला, तीच वस्तु आम्हीं दगडासारखी कडक करून घरच्या वडील माणसास दिली होती.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सायकलीच्या मागच्या चाकावर सुमारें ५० किलो, म्हणजे ११० पौंड, भार येतो असें धरूं. टायरांत दर चौरस इंचास ११० पौंड दाब असेल, तर तो भार पेलण्यास रस्त्याला टेंकलेला सुमारें १ चौरस इंचाचा तुकडा पुरतो. दाब ५५ पौंडांवर आणला, कीं तोच तुकडा २ चौरस इंचांचा होतो. टायर खडा पोटांत घेतो, आणि सांगाडा, हँडल व हात त्या हादऱ्यांतून वांचतात. मात्र अरुंद टायरांत हवा कमी ठेवली, तर खड्ड्यांत रिम थेट ट्यूबेवर आदळते आणि तिला सापाच्या दंशासारखीं दोन भोंकें पडतात. म्हणून हवा कमी ठेवावयाची तर टायर रुंदच हवा. टायर आपल्या उंचीच्या सुमारें १५ टक्के दबावा, असा एक अंदाज अमेरिकन लेखक फ्रँक बर्टो यांनीं दिला आहे, आणि तो घरगुती उपयोगास पुरेसा आहे.

मग वेगाचें काय? गुळगुळीत पोलादी पिंपावर टायर फिरवून पाहिला, तर कडक टायर सरस ठरतो. पण पिंपावर कोणी स्वार बसलेला नसतो. खऱ्या रस्त्यावर प्रत्येक हादऱ्यानें स्वाराचें शरीर हलतें, आणि तें हलविण्यांत जी शक्ति जाते ती त्याच्याच पायांची असते. शिवाय दाब सारखा असेल, तर रुंद टायराचा टेंकलेला तुकडा आखूड व रुंद असतो. त्यामुळें टायर कमी वांकतो आणि कमी शक्ति खातो. शर्यतींतले स्वारहि पूर्वीं २३ मिलिमीटरचे टायर वापरीत, ते आज २८ किंवा ३० मिलिमीटरचे वापरतात. हें आम्हीं चिरंजिवांस दाखविलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें आणि दिलदारपणें मान्य केलें.

परंतु येथें दुसरीच अडचण उभी राहिली. २७ इंची चाकाच्या रिमेवर टायर जेथें बसतो, तेथील व्यास ६३० मिलिमीटर असतो, आणि या मापांत ३२ मिलिमीटरपेक्षां फारसे रुंद टायर सहसा मिळत नाहींत. ‘७०० सी’ या नांवानें चालणाऱ्या मापाचा व्यास ६२२; त्यांत हवे तितके प्रकार. (वाचकांनीं एक ध्यानांत ठेवावें: नांवें फसवीं असतात. टायराच्या अंगावर ‘३२-६३०’ असा जोडआंकडा असतो. पहिला रुंदी सांगतो, दुसरा रिमेचा व्यास. टायर घेतांना त्यावरच विश्वास ठेवावा.) म्हणजे रिमा बदलावयास हव्या होत्या. आणि काकांनीं आयुष्यांत त्या चाकांना दुसऱ्या कोणाचा हात लागूं दिला नव्हता.

“चाकें काढून टाकलींत, तर मग ती सायकल कसली?” काका म्हणाले.

आम्हीं कागदावर मांडून दाखविलें. ६३० च्या रिमेवर ३२ चा टायर म्हणजे बाहेरचा व्यास ६९४. ६२२ च्या रिमेवर ३५ चा टायर म्हणजे ६९२. चाक बाहेरून जवळजवळ तेंच राहतें. ब्रेकचीं रबरें मात्र ४ मिलिमीटर खालीं घ्यावीं लागतात, आणि तेवढी जागा त्यांच्या खांचांत होती. चिमट्यांत नवा टायर प्रत्येक बाजूस दीड मिलिमीटर अधिक जागा घेणार. तरीहि टायर आणि चिमटा यांच्यामधून शिसपेन्सिल सहज सरकत होती. ती सरकली नसती, तर आम्हीं हा बेतच सोडला असता. कारण मडगार्डांत अडकलेला खडा पुढचें चाक एका क्षणांत जखडूं शकतो. सांगाड्याला एकहि भोंक पाडावयाचें नव्हतें. आणि मुख्य म्हणजे हब जुनेच राहणार होते. केवळ आरे आणि रिमा बदलणार होत्या.

“हब तेच ना?” काकांनीं विचारलें. गेलीं पन्नास वर्षें दर पावसाळ्यानंतर ते हब उघडून, गोळ्या पुसून, स्वतःच्या हातांनीं ग्रीस भरीत आले होते. “तेच,” आम्ही म्हणालों. “बरें, करा.”

पेठेंतल्या एका वृद्ध कारागिरानें दोन दिवसांत चाकें विणलीं आणि आउट काढून दिला. टायर निवडतांना आम्हीं नक्षीकडे पाहिलें नाहीं. डांबरी रस्त्यावर गोट्या असलेला टायर केवळ गुणगुणतो, आणि सायकलीच्या वेगाला पावसांतहि गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगत नाहीं. पाहिला तो कडांचा मऊपणा. जाड पट्टा घातलेला टायर कांट्याला दाद देत नाहीं हें खरें, पण तो लांकडासारखा चालतो. म्हणून मध्यम पट्ट्याचा घेतला. मागें ५५ आणि पुढें ४० पौंड हवा भरली. हँडल दोन बोटें वर घेतलें. जुन्या रिमा कागदांत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. ज्याला हव्या असतील त्यानें पुढें त्या पुन्हां चढवाव्या.

हात बरा झाल्यावर डॉक्टरांच्या संमतीनें काका प्रथम पर्वतीच्या पायथ्यापर्यंत, मग थोडें पुढें, असे वाढवीत गेले. दिवाळीच्या सुमारास एका पहाटे ते खडकवासल्यास जाऊन आले. आम्ही ओटीवर वाट पाहत बसलों होतों. त्यांनीं सायकल जिन्याखालीं लावली, हबाला हात लावून पाहिला आणि आंत आले. वहिनींनीं कप पुढें केला. आमचें सर्वांचें लक्ष त्यांच्या करंगळीकडे आहे हें त्यांना कळलें असावें. ते जरा हंसले, आणि कप एका हातानें धरून सावकाश प्याले.

“कशी वाटली?” चिरंजिवांनीं विचारलें.

“तीच आहे,” काका म्हणाले.