दुसरा हात

कादंबरीचा पहिला खर्डा पुरा झाला म्हणजे लेखकाच्या घरीं पेढे येतात, आणि त्याच्या खऱ्या संकटास त्याच दिवशीं सुरुवात होते. लिहितांना जिनें रात्रीं झोंप लागूं दिली नाहीं, तीच कथा दुरुस्तीसाठीं हातीं घेतली कीं शिळ्या भाकरीसारखी लागते. आमच्या मेजाच्या खणांत तीनशें सत्तर पृष्ठांचा असा एक खर्डा गेलीं दोन वर्षें आहे. भिंतीला रंगाचा पहिला हात कोणीहि हौसेनें देतो. दुसरा हात देतांना मनगट दुखूं लागतें. त्या दुसऱ्या हाताविषयींच येथें दोन शब्द लिहावयाचे आहेत.

निवतें तें नेमकें काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. तेंच वाक्य विसाव्यांदा वाचतांना लेखकास कंटाळा येतो, आणि तो कंटाळा तो बिचाऱ्या कथेच्या माथीं मारतो. परंतु खर्डा म्हणजे कथा नव्हे. कथा मनांत असते. खर्डा हें तिचें एकदां घाईनें टिपून घेतलेलें रूप. प्रेम कशावर आहे, कथेवर कीं टिपणावर, एवढें ज्यानें ओळखलें त्याची लेखणी कापाकापीस कचरत नाहीं.

फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर याचें उदाहरण आम्ही वर्गांत अनेकदां देतों. 1849 सालीं त्यानें संत अँथनीच्या प्रलोभनांवरील आपला ग्रंथ दोन मित्रांस चार दिवस बसवून वाचून दाखविला. हा आगींत टाक आणि पुन्हां याचें नांव काढूं नकोस, असा निकाल त्या दोघांनीं दिला. फ्लोबेरनें दुसरा, साध्या संसारांतला विषय घेतला. 1851 पासून सुमारें पांच वर्षें तो ‘मादाम बोव्हारी’ लिहीत होता. एकेक वाक्य मोठ्यानें ओरडून म्हणावें, कानास खुपलें तर मोडावें, असा त्याचा क्रम. पण तो जुना ग्रंथ त्यानें आगींत टाकला नाहीं. दोनदां नव्यानें लिहून 1874 सालीं तो प्रसिद्ध केला. पंचवीस वर्षांत पानें बदललीं. तो तपस्वी आणि त्यास होणारे भास यांनीं मात्र लेखकास सोडलें नाहीं.

आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांस अशी उसंत कोठली मिळणार? 1890 मध्यें त्यांनीं ‘करमणूक’ सुरू केलें, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ त्यांतून प्रकरणाप्रकरणानें वाचकांच्या हातीं जाऊं लागली. दर आठवड्यास दाराशीं वाचक उभा. कथा निवण्यास अवसरच नाहीं. तरीहि त्यांच्या कांहीं कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. म्हणजे ऊब ही सगळी निकडीवर अवलंबून नाहीं, आणि सगळी सवडीवरहि नाहीं.

आतां आमच्या खर्ड्याविषयीं. त्याची नायिका आमच्या वडिलांच्या एका काकूंवरून घेतलेली आहे. काकूंस अकाली वैधव्य आलें. रत्नागिरीकडच्या त्या मोठ्या घरांत त्यांनीं दुसऱ्यांचीं मुलें वाढविलीं. अक्षरओळख नव्हती, दुधाचा आणि नारळांचा हिशेब त्या माजघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवीत, आणि तो कधीं चुकत नसे. त्यांचा एकहि कागद मागें नाहीं. त्यांचें बोलणें ऐकलेलीं माणसें आतां तिघेंच उरलीं आहेत: आमच्या वडील भगिनी, एक चुलतभाऊ आणि आम्ही. आमच्यामागें तें बोलणें या खर्ड्यांत असेल, नाहीं तर कोठेंच नसेल.

म्हणूनच आम्हांस धास्ती कंटाळ्याहून आमच्या विद्वत्तेची अधिक आहे. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेला हात काकूंचेंहि वाक्य शुद्ध करावयास शिवशिवतो. यासाठीं या खर्ड्यास लाल शाई लावावयाची नाहीं, असा नेम आम्हीं पहिल्याच दिवशीं केला. आमच्या पत्नीनें काकूंस पाहिलेलें नाहीं. तिला एक प्रकरण वाचून दाखविलें तेव्हां ती म्हणाली, “अहो, भिंतीपाशीं काकू उभ्या आहेत त्या मला दिसतात. पुढचीं दोन पानें मात्र तुम्हीच दिसतां.” अशी कसोटी आम्हांस कोणत्याहि टीकाग्रंथांत सांपडली नव्हती. जेथें काकू दिसतात तेथें व्याकरणासहि हात जोडून बाहेर थांबवावयाचें. जेथें आम्ही दिसतों तीं पानें काढावयाचीं.

बाकीच्या युक्त्या साध्या आहेत. खर्डा एक पावसाळाभर मिटून ठेवावा. हॉरेस या रोमन कवीनें नऊ वर्षें सांगितलीं आहेत. पण पन्नाशी उलटलेल्या माणसानें इतकें आज्ञाधारक असूं नये. मग पान न उघडतां सारी गोष्ट कोणास तरी तोंडी सांगावी. सांगतांना जें आपोआप गळतें तें बहुधा लिहिण्यांतूनहि गळावें, जेथें ऐकणारा “मग?” म्हणतो तेथें खर्डा घाईंत असेल तर थांबवावा. आधीं माणसें पाहावीं, मग प्रसंग, मग वाक्यें. ऱ्हस्व-दीर्घ अगदीं शेवटीं. ज्यानें पहिल्याच दिवशीं वेलांट्या तपासल्या, त्याचा उत्साह तिसऱ्या प्रकरणापर्यंतहि पुरत नाहीं. संगणकावर खोडलेलें मागें दिसत नाहीं, म्हणून प्रत्येक खर्ड्याची प्रत निराळी ठेवावी. जुनें सुरक्षित आहे हें ठाऊक असलें म्हणजे कात्री निर्भयपणें चालते. आणि रोज लिहिण्याची इच्छा शिल्लक असतांनाच उठावें.

तीनशें सत्तर पृष्ठांचीं आतां दोनशें ऐंशीं झालीं आहेत. गेलेल्या नव्वद पृष्ठांत निसर्गवर्णनें पुष्कळ होतीं, आणि कांहीं चांगलींहि होतीं. काकूंनीं तीं ऐकून घेतलीं नसतीं. “दूध उतूं जाईल” म्हणून त्या मध्येंच उठल्या असत्या.